वाघिणीचं आजोळ

भोर आणि वेल्हे या दोन्ही तालुक्यांत रेल्वेचा रूळ नाही. पुणे–मिरज लाईन आखणाऱ्यांनी कात्रज आणि खंबाटकी हे दोन्ही घाट टाळले. गाडी पूर्वेकडून शिंदवण्याचा चढ चढते आणि जेजुरी, नीरा, लोणंद, वाठार करत साताऱ्याकडे निघून जाते. नीरा नदी भोर तालुक्यात उगम पावते आणि वाहत वाहत नीरा स्टेशनाशी रुळांना भेटते. रूळ मात्र नदीच्या माहेरी कधी आले नाहीत. इकडच्या माणसाला मालगाडीची वाघीण घरात हवी असेल तर ती टेबलावरच बांधावी लागते. प्लॅस्टिकचे सुटे भाग, गोंद, ब्रश, आणि चांगल्या उजेडाची खिडकी. अशा किटमधल्या, वीतभरही नसलेल्या वाघिणीची ही कुळकथा. कुळ शोधत मागे गेलं की आपण एखाद्या रेल्वे कारखान्यात पोचू असं वाटतं. पोचतो ते भातुकलीत.

जर्मनीतल्या गोपिंगेन गावात थिओडोर मार्कलिन नावाच्या पत्र्याच्या कारागिरानं 1859 साली धंदा मांडला. माल काय, तर बाहुल्यांच्या स्वयंपाकघराची पत्र्याची भांडी. त्याची बायको कॅरोलिन हा माल घेऊन गावोगाव विकायला हिंडायची. त्या काळात बाईमाणसानं फिरतीवर विक्री करणं ही नवलाचीच गोष्ट होती. 1866 साली थिओडोर गेला आणि धंदा तिनंच तगवला. पुढे मुलांनी तो हाती घेतला आणि 1891 साली लाइपझिगच्या जत्रेत रुळांवर धावणारी आगगाडी मांडली. गाडी इतरांनीही केली होती. मार्कलिनांची हुशारी रुळांत होती. त्यांनी रुळांच्या रुंदीला ठरलेले क्रमांक दिले आणि सुटे रूळ विकायला काढले, म्हणजे एकदा गाडी घेतलेला बाप दर नाताळात आणखी रूळ, आणखी डबे घ्यायला दुकानात परत येणार. मला तर यात कॅरोलिनबाईंचाच हात दिसतो. भातुकलीचा व्यापार असाच चालतो. आज चूल, उद्या तवा, परवा पाटा-वरवंटा. संच पुरा म्हणून कधी होत नाही.

त्या क्रमांकांत पुढे एक ‘शून्य’ आलं, रुळांची रुंदी 32 मिलिमीटर. घरं लहान पडू लागली तेव्हा त्याचं निम्मं केलं आणि ‘एचओ’, म्हणजे अर्धं शून्य, असं माप निघालं. शून्याचं अर्धं साडेसोळा मिलिमीटर होतं हे गणित खेळण्यांच्या धंद्यातच सुटू शकतं. या मापात सगळी गाडी 87 पटींनी लहान असते, आणि साडेसोळाला 87 नं गुणलं की 1435 मिलिमीटर येतात. युरोप-अमेरिकेच्या बहुतेक खऱ्या रुळांची रुंदी तीच. त्यांचं गणित जुळलं.

इंग्रजांचं जुळलं नाही. त्यांची इंजिनं अंगानं सडपातळ. 87 पटींनी लहान केल्यावर त्या वेळची मोटर आत मावेना. मग त्यांनी रूळ तसेच ठेवले आणि गाडीचं अंग फुगवलं, फुटाला 4 मिलिमीटर या हिशेबानं. रुंद अंगाखाली अरुंद रूळ, हा विजोड संसार तिथे अजून चालू आहे.

आता किट. ही कल्पनाही खास कुणाच्या डोक्यातून निघालेली नाही. निकोलस कोव्ह या हंगेरीहून आलेल्या निर्वासितानं 1939 साली लंडनला एअरफिक्स कंपनी काढली. ती हवा भरायची खेळणी आणि पुढे प्लॅस्टिकच्या फण्या करायची. युद्धानंतर तिला एका ट्रॅक्टर कंपनीनं विक्रेत्यांना वाटायला छोटे ट्रॅक्टर करून मागितले. ते जोडत बसणं महाग आणि किचकट. तेव्हा पुढे तेच ट्रॅक्टर सुट्या भागांत विकले गेले, आणि जोडणीची मजुरी गिऱ्हाइकानंच, वर हौसेनं, केली. 1952 साली एक शिडाचं जहाज असंच पिशवीत घालून विकायला ठेवलं, आणि धंदा लागला.

रेल्वेच्या बाबतीत मात्र पुन्हा बाहुलीच आडवी आली. इंग्लंडातल्या रोझबड या बाहुल्या करणाऱ्या कारखान्यानं 1959 साली ‘किटमास्टर’ नावानं इंजिनं आणि डब्यांची पॉलिस्टायरीनची किट काढली. बाहुलीचे हातपाय ज्या तऱ्हेनं साच्यात ओतायचे त्याच तऱ्हेनं आता बफर आणि धुरे ओतले जाऊ लागले. तीन वर्षांत तो विभाग एअरफिक्सनं विकत घेतला. एअरफिक्सच्या स्वतःच्या छोट्या मालवाघिणीही बाजारात होत्या. ते साचे पुढे दुसऱ्या कंपनीकडे गेले. म्हणजे बापाकडून पाहा की आईकडून, या पुरुषी समजल्या जाणाऱ्या छंदाचं आजोळ बाहुलीच्या घरातच निघतं. आमच्याकडे मुलींना पितळी भातुकली आणि मुलांना आगगाडी अशी वाटणी करणाऱ्या वडीलधाऱ्यांना हे सांगायला हवं होतं.

आपल्याकडे ही वाघीण आली ती पाहुणी म्हणून. परदेशातल्या नातेवाइकाच्या बॅगेतून, आयातीच्या जाचातून सुटत. पुण्यात भाऊसाहेब जोशी यांनी जमवलेला संसार 1 एप्रिल 1998 पासून कोथरूडच्या संग्रहालयात लोकांना पाहायला मिळतो. मराठी मुलखातल्या बऱ्याच हौशींनी एचओ मापाची गाडी पहिल्यांदा पाहिली ती तिथेच. पण कुणी भारतीय वाघीण बांधायला बसलं की गणित पुन्हा बिघडतं. आपली ब्रॉडगेज 1676 मिलिमीटरची. तिचा 87 वा भाग 19.3 मिलिमीटर येतो आणि बाजारात रूळ मिळतो साडेसोळाचा. त्यामुळे भारतीय मॉडेलची चाकं दोन्हीकडून साधारण दीड-दीड मिलिमीटर आत ओढलेली असतात. बाजूनं बघितलं तर कळत नाही. समोरून बघितलं की वाघीण तंग चपला घातल्यासारखी दिसते.

यावर एक तोड आहे आणि ती फारसं कुणी वापरत नाही याचं मला आश्चर्य वाटतं. 1957 साली ट्रायांग या इंग्रजी कंपनीनं फुटाला 3 मिलिमीटर हे माप रूढ केलं. आपली ब्रॉडगेज साडेपाच फुटांची. साडेपाच गुणिले तीन, साडेसोळा. एका केसाचाही फरक नाही. अंग या मापानं बांधा आणि खाली एचओचा तयार रूळ घाला, तंतोतंत भारतीय रेल्वे. अडचण इतकीच की या मापात भारतीय वाघिणीचं किट शोधत बसण्यापेक्षा प्लॅस्टिकचा पत्रा कापून अंग स्वतःच उभं केलेलं बरं.

किटचं काम सांगायचं तर पहिलं पाऊल भांडी घासायच्या साबणाचं. साच्यातून सुटावं म्हणून भागांना लावलेलं तेल धुतल्याशिवाय रंग धरत नाही. मग चौकटीतून भाग कटरनं तोडायचे, ओढून नव्हे, आणि तुटल्या जागी बारीक कानस. अंग काटकोनात बसलं का ते काचेच्या तुकड्यावर ठेवून बघायचं. चारांतलं एक चाक अधांतरी राहिलं तर ती वाघीण आयुष्यभर रुळांवरून घसरणार. वजनाचंही तसंच. अमेरिकेतल्या हौशींच्या संघटनेनं एचओसाठी हिशेब घालून दिलाय, एक औंस आणि वर दर इंच लांबीला अर्धा औंस. कोळसा वाहणारी आपली उंच भिंतींची बॉक्सएन वाघीण साधारण 10.7 मीटर लांब, म्हणजे मॉडेल 12.3 सेंटिमीटर आणि वजन जवळपास 97 ग्रॅम. नुसतं प्लॅस्टिक त्याच्या पासंगालाही पुरत नाही. टायरवाल्याकडे चाक बॅलन्स करताना काढून टाकलेली जुनी शिशाची वजनं मागितली की काम होतं. शिसं हाताळल्यावर हात तेवढे धुवावेत.

रंगात मात्र आपण कुणाचं देणं लागत नाही. जुन्या वाघिणींचा तांबडा रंग म्हणजे रेड ऑक्साइड, भोरच्या कुठल्याही हार्डवेअरच्या दुकानात ग्रिलच्या रंगाखाली लावायला मिळतो तोच. पण डब्यातला जाड प्रायमर तसाच ओढला तर रिव्हेट बुडतात, आणि घाईघाईनं एनसी थिनर घातलं तर पॉलिस्टायरीन विरघळतं. छटा त्याच्यावरून घ्यावी आणि काम ॲक्रिलिकनं करावं. 1931 साली दांडेकरांनी मुंबईत शाईच्या पुड्या-गोळ्यांपासून सुरू केलेल्या कॅम्लिनच्या नळ्या पुरतात. पातळ दोन हात, मध्ये रात्रभर वाळवण.

खरी मजा पुढे आहे, रंग बिघडवण्यात. नवी कोरी वाघीण रुळांवर खोटी दिसते. तुळशीवृंदावनाला लावायला आणलेला गेरू कोरडाच मऊ ब्रशनं चाकांवर आणि बोगीवर चोळला की ब्रेकच्या भुकटीची तांबूस साय तयार होते. आतल्या बाजूला कोळशानं घासलेला लोखंडी करडेपणा हवा, कडांना गंज. खडी क्रशरवरची काळी भुकटी गाळून घेतली, फेव्हिकॉलमध्ये पाणी आणि साबणाचा थेंब घालून बसवली, की आपल्याच डोंगराचा बसाल्ट भरलेली वाघीण तयार. बाजारात पाकिटातून मिळणारी परदेशी खडी यापुढे फिकी आहे, हे मी पक्षपात मान्य करून सांगतो.

शेवटचं काम अक्षरांचं, आणि ते सगळ्यांत छळतं. घरच्या प्रिंटरला पांढरी शाई नसते आणि वाघिणीवरची अक्षरं पांढरीच असतात. देवनागरीत एकदा, रोमनमध्ये एकदा, शिवाय रिकामं वजन, भारक्षमता आणि पुढच्या ओव्हरहॉलची तारीख. कुणी स्टेन्सिल कापतं, कुणी तांबड्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या जागा सोडून छापतं आणि मग दोन तांबडे जुळवत बसतं. यांतली तारीख आधी ठरवावी, किटची पेटी उघडण्यापूर्वी, कारण कपलिंग, ब्रेक, चाकं सगळं तिच्यावर ठरतं. 1971 च्या आधीची तारीख घातली आणि वाघीण नीरा स्टेशनात उभी करायची असली, तर साडेसोळाचा रूळ उपयोगाचा नाही. तेव्हा तिथे मीटरगेज होती. तिचा 87 वा भाग साडेअकरा मिलिमीटर, आणि त्याच्या सगळ्यांत जवळचा तयार रूळ 12 चा.