कॉक बंद केलास का?

आज सुरुवात एका वासापासून. बोर्ली पंचतनला मामाकडे पहाटे जाग यायची ती पेट्रोलच्या वासाने. मोटारसायकल पडवीत उभी, कार्बोरेटरखाली नारळाची करवंटी ठेवलेली आणि करवंटीत बोटभर पेट्रोल. मागच्या दारी आजी बंब पेटवायच्या तयारीत. तिचा पहिला प्रश्न रोज तोच: "मेल्या, रात्री कॉक बंद केला होतास का?"

आजीला कार्बोरेटर म्हणजे काय ते माहीत नव्हतं, पण धोका बरोबर कळला होता. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत सरपटत जाते आणि बंबापर्यंत पोचते.

आता हे पेट्रोल गळतं का? गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीतला बॉल कॉक आठवा. पाणी वर आलं की गोळा वर येतो आणि नळ बंद होतो. कार्बोरेटरच्या वाटीत हेच घडतं. गोळ्याच्या जागी फ्लोट, आणि नळाच्या जागी एक टोकदार सुई, म्हणजे फ्लोट नीडल. वाटीत पेट्रोल पुरेसं भरलं की फ्लोट सुईला तिच्या सीटवर दाबतो. बास, एवढंच यंत्र! सुई नीट बसली नाही तर टाकीतलं पेट्रोल उतरतच राहतं. काही खाली गळतं, काही इंजिनात जातं. फोर-स्ट्रोक असेल तर ते ऑइलमध्ये मिसळून ऑइल पातळ करतं. टू-स्ट्रोक असेल तर खाली क्रँककेसमध्ये साठतं आणि सकाळी किक मारून मारून पाय दुखतो.

ही फ्लोटची कल्पना जर्मनीतली. गॉटलीब डाइमलरचा सहकारी विल्हेल्म मायबाख याने १८८५च्या सुमारास फ्लोट वापरला आणि १८९३मध्ये फवारा मारणारा कार्बोरेटर आणला. पुढे इंग्लंडात तीन कार्बोरेटर कंपन्या एकत्र येऊन १९२७मध्ये 'अमल' झाली. आपल्याकडच्या जुन्या बुलेटवाल्यांच्या तोंडी हे नाव अजून असतं. १९५५मध्ये मद्रासला बुलेटची जुळणी सुरू झाली, १९६१च्या सुमारास म्हैसूरला जावा आणि १९६२मध्ये एस्कॉर्ट्सची राजदूत. जावावर यिकोव्ह कार्बोरेटर होता, पुढे बुलेटवर मिकार्ब आला. नावं बदलली, सुई तीच राहिली.

खरा इतिहास पुढे आहे, आणि तो कारखान्यांत नाही, गॅरेजांत घडला. त्या काळात आयातीवर निर्बंध होते. नवी सुई हवी म्हटली की मुंबईला जाणाऱ्या कुणाच्या तरी हाती चिठ्ठी द्यायची आणि वाट बघायची. मग मेस्त्री लोकांनी आहे तीच सुई जगवायला शिकून घेतलं.

जुनी पितळी सुई असेल तर तिच्या निमुळत्या टोकावर नख फिरवायचं. नख अडकलं तर तिथे कडं पडलंय. रस्त्याच्या हादऱ्यांनी सुई सीटवर वर्षानुवर्षं आपटते, त्याची ती खूण. कडं हलकं असेल तर पितळ चमकवायची बारीक पॉलिश टोकाला लावून, सीटमध्ये दोन बोटांनी अलगद फिरवायची, मग सगळं धुऊन काढायचं. इथे काही जण व्हॉल्व्ह घासायची जाड पेस्ट वापरायचे आणि होती ती सीटही घालवायचे. आणि हो, रबरी टोकाची सुई असेल तर घासायची नाहीच, सरळ बदलायची.

कधी सुई निर्दोष असते आणि पितळी फ्लोट फुटलेला असतो. कानाशी हलवला की आत पेट्रोल खळखळतं. असा फ्लोट आगीपासून लांब, गरम पाण्यात बुडवायचा. बुडबुडे येतील तिथे भोक. आतलं पेट्रोल पूर्ण काढून, वाफही जाऊ देऊन, मग डाख द्यायचा. पण डाख थेंबभरच! जास्त झाला तर फ्लोट जड होतो, उशिरा वर येतो आणि पेट्रोल पुन्हा उतू जातं.

मला सगळ्यात राग येतो तो एका शॉर्टकटचा. फ्लोटची जीभ वाकवून सुई लवकर दाबायला लावायची. गळती थांबल्यासारखी वाटते, पण वाटीतली पातळी उतरते आणि म्हसळ्याच्या बाजूला चढ लागला की गाडी मिस मारते. मामाच्या गाडीला हे दोनदा झालं होतं. मूळ दुखणं तिसऱ्या मेस्त्रीला सापडलं: टाकीत गंज. समुद्राची खारी हवा, चार महिने पाऊस, टाकी अर्धी रिकामी. गंजाचे कण खाली उतरून सुईखाली अडकत होते. कार्बोरेटर पाच वेळा खोलला, टाकी कुणी बघितलीच नाही.

२०२० हे वर्ष या गोष्टीत दोनदा येतं. १ एप्रिलला देशात बीएस-६ नियम लागू झाले आणि बहुतेक नव्या मोटारसायकलींवर कार्बोरेटरच्या जागी इंजेक्शन आलं. ३ जूनला निसर्ग वादळ रायगड किनाऱ्यावर धडकलं. श्रीवर्धन तालुक्यात सुपारी-नारळाच्या बागा झोपल्या, घरांची छपरं गेली. गाड्यांकडे बघायला कुणाला वेळ होता? महिनोन् महिने उभ्या राहिलेल्या गाडीच्या वाटीतलं पेट्रोल उडून जातं, मागे चिकट थर राहतो आणि सुई सीटला चिकटते. मामाची गाडी त्या दिवाळीत काढली तेव्हा ती तशीच चिकटलेली होती.

आता त्यात इथेनॉलची भर. पंपावरच्या पेट्रोलमध्ये ते २० टक्क्यांपर्यंत असतं. इथेनॉल ओलावा ओढून घेतं आणि काही जुनी रबरं फुगवतं. म्हणून जुन्या गाडीसाठी सुई घेताना इथेनॉल चालेल अशा टोकाची मागा, आणि शक्यतो सीटसकट जोडीच घ्या. बसवायच्या आधी एक चाचणी करा. बिजागरीचा फ्लोट असलेला कार्बोरेटर कोरडा करून उलटा धरा, पेट्रोलच्या तोंडाला स्वच्छ नळी लावून हलकं फुंका. हवा गेली, तर पेट्रोलही जाणार.

मामाची गाडी अजून पडवीतच असते. टाकी आतून साफ केली, फिल्टर लावला, सुई आणि सीट नवी बसवली. करवंटी कोरडी आहे. तरी रात्री दिवे घालवायच्या आधी तो एकदा बाहेर जातो आणि कॉक फिरवून येतो.