अधीर संदेश आणि त्याचा मध्यस्थ

बोलतांना एखादा शब्द वाटेंत हरवला, तर तो मागाहून आणून देण्यांत अर्थ नसतो. तोंवर वाक्य पुढें गेलेलें असतें. १९७४ सालीं आर्पानेटवरून आवाज पाठविण्याचे प्रयोग करणाऱ्या डॅनी कोहेन यांना हें पुरतें कळलें होतें. हरवलेलें पुन्हां पाठवून सारें क्रमानें पोंचविणारी टीसीपीची शिस्त कागदपत्रांना उत्तम; संभाषणाला ती जाचक. म्हणून ऑगस्ट १९८० मध्यें जॉन पोस्टेल यांनीं यूडीपीचे नियम अवघ्या तीन पानांत मांडले. संदेशावर आठ बाइटांचें शीर्ष असावें. पोंच नाहीं, क्रमाची हमी नाहीं.

पुढें कचेऱ्यांच्या जाळ्यांवर पहारे बसले आणि आंतल्या यंत्राच्या वतीनें बाहेर बोलणारा मध्यस्थ, म्हणजे प्रॉक्सी, आला. यूडीपीला जोडणीच नसते. मग आलेलें उत्तर कोणाचें, हें त्यानें ओळखावें कसें? मार्च १९९६ मध्यें सॉक्सच्या पांचव्या आवृत्तीनें तोड काढली. ग्राहकानें टीसीपीची एक जोडणी उघडी ठेवावी, मध्यस्थानें यूडीपीसाठीं निराळा पोर्ट नेमून द्यावा, ग्राहकानें प्रत्येक संदेशावर अखेरचा पत्ता लिहावा. जोडणी तुटली कीं व्यवहार संपला.

वेबच्या मध्यस्थांना मात्र टीसीपीच ठाऊक. त्या बोगद्यांतून खेळाचे संदेश नेले, तर हरवलेला एक मागच्या सर्वांना अडवी, आणि नेम धरणाऱ्याला प्रतिस्पर्ध्याची जुनीच जागा दिसे. मे २०२१ मध्यें क्विक प्रमाण ठरलें. ऑगस्ट २०२२ च्या नियमानें त्यावरून यूडीपी पुनःप्रेषणाशिवाय नेण्याची रीत ठरली. उशिरापेक्षां उणीव बरी, हें वेबच्या मध्यस्थाला शिकविण्यास बेचाळीस वर्षें लागलीं.