आजोबांचं 'रेल्वेचं' घड्याळ

मागच्या रविवारी गिरीजला घरी गेलो, तर काकांनी आजोबांचं मनगटी घड्याळ पुढे ठेवलं. आजोबा गार्ड होते. डायलवर ठसठशीत 'बी.बी. अँड सी.आय.', म्हणजे आजच्या पश्चिम रेल्वेची जुनी कंपनी. एक संग्राहक चांगली किंमत द्यायला तयार होता. म्हटलं, काका, आधी खात्री तर करू.

मंडळी, आता थोडा इतिहास. वसईवरून गाडी मुंबईत पोचली १८६४ साली. पण घड्याळ लावायचं कुठल्या वेळेवर? पुढे रेल्वे चालायची मद्रासच्या वेळेवर आणि ती मुंबईच्या अर्धा तास पुढे! १९०६ पासून भारतीय प्रमाणवेळ आली, मुंबईपेक्षा ३९ मिनिटं पुढे. तरी शहरात काही ठिकाणी 'बॉम्बे टाइम' १९५५ पर्यंत टिकून होता. अशा गोंधळात गार्डचं घड्याळ हाच शेवटचा शब्द.

ते चुकलं तर काय होतं? १८९१ साली अमेरिकेत किप्टनला दोन गाड्या समोरासमोर धडकल्या. एका कर्मचाऱ्याचं घड्याळ चार मिनिटं बंद पडून पुन्हा चालू झालं होतं म्हणतात. त्यानंतर वेब बॉल या घड्याळजीने नियम कडक केले: आठवड्यात ३० सेकंदांहून जास्त फरक नको, आकडे स्पष्ट हवेत, आणि चावी चुकून ओढली गेली तरी काटे हलू नयेत.

पण ही सगळी घड्याळं खिशातली! आपल्याकडेही कंपनीची अक्षरं आणि नंबर कोरलेली मिळतात ती मुख्यतः खिशातलीच. म्हणून मनगटी घड्याळावर रेल्वेचं नाव दिसलं की पहिली शंका घ्यायची. डायल काय, कोणीही रंगवून देतं. जुन्या घड्याळांच्या अशा नव्या डायलना संग्राहक 'मुंबई स्पेशल' म्हणतात. खरं बोलतं ते आतलं मशीन.

घड्याळजीकडे मागचं झाकण उघडलं. मशीनवर लिहिलेलं: एचएमटी. झालं! एचएमटीचा बंगळुरूचा घड्याळ कारखाना १९६१ सालचा, आणि बी.बी.सी.आय. तर ५ नोव्हेंबर १९५१ लाच पश्चिम रेल्वेत विलीन झालेली. कंपनी गेल्यावर किमान दहा वर्षांनी बनलेलं घड्याळ कंपनीचं कसं असेल?

काकांचा चेहरा पडला. "त्याला सांगायलाच हवं का रे?"

"सांगावं लागेल, काका."

तेवढ्यात नव्वदीतली आजी आतून म्हणाली, "अरे, डायल खाऱ्या हवेने खराब झालेली. रिटायर होताना कंपनीचं खिशातलं घड्याळ परत द्यावं लागलं, ते त्यांना फार लागलं होतं. मग दादरला जाऊन यावर नाव घालून आणलं."

म्हणजे घड्याळ रेल्वेचं नव्हतं, रेल्वेवाल्याचं होतं. संग्राहकाला काकांनीच फोन करून खरं काय ते सांगितलं. त्याने अर्थातच नको म्हटलं.

असो. चावी दिली की अजून चालतं. दिवसाला दोन मिनिटं मागे पडतं, बॉल साहेबांनी नापास केलं असतं!