मेथडिस्ट गीतांतील हृदयरूपके आणि कोकणातील ‘लेव’

प्रारंभीच्या मेथडिस्ट गीतांत ‘हार्ट’ हा शब्द केंद्रस्थानी आहे. २४ मे १७३८ रोजी लंडनमधील एका सभेत आपल्या हृदयास अपूर्व ऊब जाणवल्याची नोंद जॉन वेस्लीने केली. हाच अनुभूतिप्रधान धर्म त्याचा बंधू चार्ल्स (१७०७–१७८८) याच्या गीतांतून प्रकटला. १७८० च्या ५२५ गीतांच्या संग्रहात हृदय हे कोठे बंदिवान, कोठे सिंहासन, तर कोठे ईश्वराचे नाव कोरावयाची पाटी होते.

या रूपकांचे मूळ हिब्रू आहे. पाषाणहृदयाचे रूपक यहेज्केलाच्या, अंतरी लिहिलेल्या नियमशास्त्राचे यिर्मयाच्या ग्रंथातील होय. शुद्ध हृदयाची याचना ५१ व्या स्तोत्रातील. तथापि हिब्रू ‘लेव’ हे केवळ भावनेचे स्थान नव्हे. विचार, संकल्प व निर्णय यांचेही ते अधिष्ठान आहे. इंग्रजी ‘हार्ट’चा कल मात्र भावनेकडे झुकला.

आता कोकणाकडे वळू. पेण, रोहे आदी गावांत पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालविणाऱ्या बेने इस्रायलांनी, परंपरेनुसार, इतर हिब्रू पाठ विसरल्यावरही ‘शेमा’ जपला. संपूर्ण ‘लेवा’ने ईश्वरावर प्रेम करण्याची आज्ञा त्यातच आहे. म्हणजे इंग्रजीच्या मध्यस्थीवाचून हा शब्द येथे उच्चारला जात होता. पुढे १८८० च्या सुमारास याच समाजाने मुंबईत मराठी कीर्तन आरंभिले. त्यातील एक प्रमुख कीर्तनकार बेंजामिन शिमशोन अष्टमकर यांचे आडनावच रोह्यालगतच्या अष्टमीचे आहे.

मराठीत ‘लेव’ला एकच प्रतिशब्द नाही. मन धावते व रमते; हृदय द्रवते; काळीज दगडाचे असते. ‘काळीज’ मुळात यकृतवाचक असूनही पाषाणहृदयाचे रूपक त्याच्याच ठायी सहज बसते. मन, बुद्धी, चित्त व अहंकार यांना सामावून घेणारे वेदान्तातील ‘अंतःकरण’ मात्र अर्थव्याप्तीने ‘लेव’च्या अधिक निकट आहे; ‘हार्ट’हूनही निकट.

यावरून एक पद्धतिविषयक निष्कर्ष निघतो. मराठी ख्रिस्ती गीते व बेने इस्रायली कीर्तने यांतील अशा शब्दांचे मोल इंग्रजीच्या मापाने ठरवू नये. इंग्रजी गीतात जेथे एकच ‘हार्ट’ येतो, तेथे मराठी कवीला निवड करावी लागते. आणि त्या निवडीतच त्याचा अर्थनिर्णय दडलेला असतो. म्हणून अभ्यासकाने प्रथम शब्दासोबतचे क्रियापद पाहावे. ‘द्रवणे’, ‘धावणे’, ‘शुद्ध होणे’ यांपैकी कोणते क्रियापद योजिले आहे, यावरून कवीच्या मनातील मानवाची कल्पना उलगडते.