सिनेमा डबीतला, इतिहास डबीवरचा

भारतवारीहून परतताना आपल्या बॅगेत काय काय असायचे याची यादी केली, तर गोडा मसाला, बाकरवडी, दिवाळी अंक आणि त्यांच्या जोडीला मराठी नाटक-सिनेमांच्या दोन-चार व्हीसीडी हमखास सापडतील. बॅगेच्या वजनाचा काटा पुढे सरकला की पहिली कुऱ्हाड पडायची ती या व्हीसीडींच्या डब्यांवर! तबकड्या पाऊचमध्ये भरून सिंगापूरला आणि डब्या मुंबई-पुण्यातच. पण ही डबी म्हणजे नुसते वेष्टण नव्हे. तिला स्वतःचा इतिहास आहे, आणि माझ्या मते आज ती आतल्या तबकडीइतकीच मोलाची आहे. कशी, ते सांगतो.

सुरुवात कॅसेटपासून करू. जपानच्या जेव्हीसी कंपनीने १९७६ साली व्हीएचएस कॅसेट बाजारात आणली. सुमारे १९ सेंटिमीटर लांब आणि अडीच सेंटिमीटर जाड, म्हणजे एखाद्या जाडजूड कादंबरीसारखी फळीवर उभी राहणारी. मग तिचे खोकेही पुस्तकाच्याच वळणावर गेले. कण्यावर नाव, पुढे चित्र, मागे कथेचा सारांश आणि कलावंतांची नावे. मुंबईची शेमारू १९६२ साली पुस्तकांची लायब्ररी म्हणून सुरू झाली आणि १९७९ साली व्हिडिओ कॅसेटी भाड्याने देऊ लागली, हा योगायोगही मोठा बोलका आहे.

कॅसेटचे दुखणे म्हणजे दमट हवा. सिंगापूरच्या किंवा कोकणातल्या हवेत फितीला बुरशी धरायला वेळ लागत नाही. १९९३ साली फिलिप्स, सोनी, मात्सुशिता आणि जेव्हीसी यांनी मिळून व्हीसीडीचे तंत्र ठरवले. ते अमेरिकेत फारसे रुजले नाही, पण हाँगकाँग, सिंगापूर आणि भारतात मात्र त्याने घरोघरी ठाण मांडले. अडचण एकच. एका तबकडीत मावणार सुमारे ७४ मिनिटे, आणि आपला सिनेमा अडीच-तीन तासांचा! गाण्यांच्या सीडीची १९८२ सालची पारदर्शक डबी तयारच होती. तिच्या आत पुस्तकाच्या पानासारखी उलटणारी पट्टी बसवली आणि एका डबीत दोन तबकड्यांची सोय झाली. मध्यंतराला उठून तबकडी बदलण्याचा आपला रिवाज तिथलाच. फक्त त्या डबीचे प्लास्टिक ठिसूळ. एकदा पडली की बिजागरी तुटलीच म्हणून समजा.

नोव्हेंबर १९९६ मध्ये जपानमध्ये डीव्हीडी आली. तबकडीचा आकार सीडीएवढाच, म्हणजे १२ सेंटिमीटर व्यासाचा. मग डबी १९ सेंटिमीटर उंच कशाला? याचे उत्तर दुकानात होते. सगळी कपाटे कॅसेटच्या खोक्यांच्या मापाची होती, तेव्हा नव्या डबीला जुन्या फळीवर शोभून दिसायला हवे होते. पण या डबीत खरी हुशारी होती ती मधल्या बटणात. डीव्हीडी ही प्रत्येकी ०.६ मिलिमीटरच्या दोन चकत्या एकमेकींना चिकटवून बनते. ती ओढून, वाकवून काढली तर जोड सुटण्याचा धोका. म्हणून मधले बटण दाबले की तबकडी अलगद वर यावी अशी रचना केली गेली. डबीच्या पाठीवर पृथ्वीच्या गोलात एक आकडाही छापलेला असे. भारताचा ५, सिंगापूरचा ३ आणि अमेरिकेचा १. आकडा जुळला नाही तर प्लेअर नकार देणार! आपल्यासारख्या देशोदेशी फिरणाऱ्यांना तो आकडा पासपोर्टइतकाच महत्त्वाचा होता.

पुढे डबी हळूहळू अंग चोरू लागली. २००४ साली अमेरिकेत एम.एस. करत असताना आमच्या अपार्टमेंटमध्ये नेटफ्लिक्सची लाल पाकिटे यायची. डबी नाही, मागे सारांश नाही. ज्या पाकिटातून तबकडी आली, त्याच पाकिटातून ती परत पाठवायची. १९९८ साली सुरू झालेली ही टपालसेवा २९ सप्टेंबर २०२३ रोजी बंद झाली. भारतात २००७ साली मोझर बेअर कंपनीने व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकायला काढली. एवढ्या स्वस्ताईत जाडजूड डबीचे लाड कोण पुरवणार? त्यानंतर सिनेमा इंटरनेटवरून थेट घरात आला आणि डबीच नाहीशी झाली.

आता मुद्द्याकडे येतो. घरातली एखादी जुनी मराठी नाटकाची व्हीसीडी संगणकात घालून पाहा. आत फाइल दिसेल 'एव्हीसेक ०१ डॅट'. पुढचे नाटक घाला, पुन्हा 'एव्हीसेक ०१ डॅट'. प्रत्येक व्हीसीडीत फाइलचे नाव हेच, कारण तंत्रच तसे ठरवलेले आहे. नाटक कोणाचे, दिग्दर्शक कोण, संगीत कोणाचे, प्रयोग कोणत्या संस्थेचा, याचा त्या नावात पत्ता नाही. आम्ही आयटीवाले ज्याला मेटाडेटा म्हणतो, तो सगळा डबीतल्या त्या छापील कागदावर! काही नाटकांच्या बाबतीत ही माहिती एकत्र छापलेली दुसरीकडे सहजासहजी सापडत नाही.

कागदाची ही किंमत आपल्या सिनेमाने एकदा अनुभवली आहे. 'आलम आरा' हा भारताचा पहिला बोलपट १४ मार्च १९३१ रोजी गिरगावच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. आज त्याची एकही प्रत उपलब्ध नाही. आपण त्याला ओळखतो ते छायाचित्रांवरून आणि छापील जाहिरातींवरून. १९६४ साली पुण्यात स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने फिल्मबरोबर पोस्टर आणि गाण्यांच्या पुस्तिकाही जपल्या, त्या काही उगीच नाही.

म्हणून एक विनंती. घर बदलताना किंवा दिवाळीची आवराआवर करताना जुन्या डब्या टाकून देण्याआधी आतला कागद दोन्ही बाजूंनी स्कॅन करा. नाटकाची फाइल संगणकावर ठेवली असेल, तर तिला नाटकाचे नाव द्या आणि हे चित्र तिच्या शेजारी ठेवा. व्हीसीडीची छापील बाजू जपा, कारण माहितीचा थर त्याच बाजूला, पातळ लेपाखाली असतो. तिथे ओरखडा पडला की नाटक गेले. तिच्यावर चिकटपट्टीही लावू नका.

'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' अशी आपली म्हण आहे. इथे मात्र उलटी गत होईल. आपल्या मुलांच्या हाती सोन्याचा वाळा राहील, पण सोनूबाईचे नावच हरवलेले असेल. ते नाव लिहून ठेवायला एक रविवार पुरेसा आहे.