सैल साखळी

मागे एका जुन्या विद्यार्थिनीने मला विचारले, "सर, हे नातं सोडू की धरून ठेवू, ते टॅरोचे पत्ते सांगतील का?" मी इतिहासाचा मास्तर, उत्तर इतिहासातूनच देणार!

श्रोतेहो, टॅरो म्हटले की इजिप्तची गूढ विद्या आठवते. वस्तुस्थिती निराळी आहे. पंधराव्या शतकात उत्तर इटलीत हे 78 पत्ते निघाले ते चक्क खेळण्यासाठी. चार रंगांचे 56 आणि खास चित्रांचे 22. मिलानच्या ड्यूक घराण्यासाठी सोन्याचा वर्ख देऊन रंगवलेले काही पत्ते आजही पाहायला मिळतात.

मग इजिप्त आला कुठून? 1781 साली पॅरिसच्या कूर द जेबलँ या विद्वानाने ठोकून दिले, की हे पत्ते म्हणजे प्राचीन इजिप्तचे ज्ञानभांडार. त्या काळी इजिप्तची चित्रलिपी कोणालाच वाचता येत नव्हती. शाम्पोल्याँने ती उलगडली 1822 मध्ये. तोवर खोडून काढणार कोण? दरम्यान एतेया नावाच्या गृहस्थाने पत्त्यांवरून भविष्य सांगण्याचा धंदाच मांडला होता.

म्हणजे पत्त्यांत भविष्य नव्हते, माणसांनी ते घातले. पण म्हणून पत्ते अगदीच टाकाऊ का? तसंही नाही. 1909 साली लंडनमध्ये आर्थर वेट यांच्या कल्पनेवरून पामेला कोलमन स्मिथ या चित्रकर्तीने नवा संच काढला. त्यातल्या सैतानाच्या पत्त्यावर एक स्त्री व एक पुरुष गळ्यात साखळ्या घालून उभे आहेत. नीट पाहिले तर साखळ्या सैल आहेत; मान काढून घेता येईल इतक्या.

अलीकडे काही लोक असा पत्ता समोर ठेवून वहीत लिहितात: मला कशाने बांधले आहे? भीतीने, सवयीने, की लोकलज्जेने? मी त्या मुलीला म्हटले, "एवढ्यापुरता पत्ता घे. मात्र 'सोड' हा हुकूम त्याच्याकडून मागू नकोस. आजवर तुझे निर्णय दुसऱ्याने घेतले, ते आता पत्त्यावर सोपवलेस तर सुटलीस कुठे? आणि बरं का, मारहाण होत असेल तर वही मिटव आणि आधी माणसांची मदत घे."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "सर, साखळी सैल आहे हे मला आधीच ठाऊक होतं."