दार लावून जपलेला दिवा

हिवाळ्याचे दिवस होते, यरुशलेमात पुनःप्रतिष्ठेचा सण चालू होता आणि प्रभू येशू मंदिराच्या देवडीत फिरत होते, अशी नोंद संत योहान आपल्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायात करतात. हाच यहुदी लोकांचा हनुक्का. ख्रि. पू. १६७ च्या सुमारास अँटिओकस राजाने यहुदी धर्माचरणावर बंदी घातली व मंदिर विटाळले. यहुदा मक्काबी आणि त्याच्या भावांनी मूठभर माणसांनिशी झुंज दिली आणि ख्रि. पू. १६४ मध्ये वेदीची पुनःप्रतिष्ठा केली. ही हकीकत सांगणारे मक्काबींचे दोन ग्रंथ यहुदी शास्त्रात नाहीत. आम्हा कॅथलिकांच्या जुन्या करारात मात्र आहेत. सात पुत्रांचे हौतात्म्य डोळ्यांदेखत पाहूनही न डगमगलेली माता आपल्याला भेटते ती तेथेच.

नवल असे की, आपल्या कोकणातील बेने इस्रायलांना हा सण कित्येक शतके ठाऊकच नव्हता. नौगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून सात जोडपी वाचली व त्यांच्यापासून आपला वंश वाढला, असे ते मानतात. समाजाचे इतिहासकार हाईम सॅम्युएल केहिमकर यांनी १८९७ मध्ये इतिहास लिहिला. तो १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. हनुक्का माहीत नसणे हाच आपले पूर्वज त्या विजयापूर्वी मायभूमी सोडून निघाल्याचा पुरावा, असा त्यांचा तर्क होता. इतर अभ्यासकांची मते वेगळी आहेत.

ग्रंथ नाही, धर्मगुरू नाही, इब्री भाषाही विसरलेली. मग धर्म टिकला कशावर? तेलाच्या घाण्यावर राबणारे हे लोक शब्बाथ पाळत. म्हणून गाव त्यांना ‘शनिवार तेली’ म्हणे. मुलांची सुंता होई, आणि प्रत्येक मंगल व अमंगल प्रसंगी ‘शेमा इस्रायल’ हा एकेश्वराचा उच्चार होई. प्रभू येशूंनी सर्वांत मोठी म्हणून सांगितलेली आज्ञा याच शब्दांनी सुरू होते. प्रायश्चित्ताच्या दिवसाला त्यांनी मराठी नाव दिले होते, ‘दरफळणीचा सण’. त्या दिवशी घराची दारे लावून, पांढरी वस्त्रे नेसून ते उपवास करीत. त्यामागचे शास्त्र ठाऊक नव्हते. पण आजीने केले ते नात करी.

पुढे कोचीनचे यहुदी शिक्षक आले. ख्रिस्ती मिशनऱ्यांनी त्यांना शाळांतून इब्री शिकवली, जुना करार मराठीत हाती दिला. धर्मांतर फारच थोड्यांनी केले; बाकीचे अधिक जाणते यहुदी झाले. मुंबईत १७९६ मध्ये सॅम्युएल इझिकेल दिवेकर यांनी पहिले सिनेगॉग बांधले होतेच. आता तेल गाळणाऱ्यांच्या घरी हनुक्काचे आठ दिवेही लागू लागले.

खरी कसोटी मात्र मायभूमीतच लागली. १९४८ नंतर हजारो बेने इस्रायल इस्रायलला गेले. १९६२ मध्ये तेथील मुख्य धर्मपीठाने त्यांच्या विवाहांसाठी वंशाची चौकशी आवश्यक ठरवली. दोन वर्षे त्यांनी विरोध केला. जेरुसलेममध्ये धरणे धरले. अखेर ऑगस्ट १९६४ मध्ये इस्रायलच्या संसदेने ते सर्वार्थाने यहुदी असल्याचे ठासून सांगितले. दरफळणीला दार लावणाऱ्यांच्या नातवंडांनी रस्त्यावर उभे राहून आपली ओळख राखली. महाराष्ट्र शासनानेही २०१६ मध्ये यहुद्यांना अल्पसंख्याक दर्जा दिला.

आम्हीही या मातीतील लहान समाज आहोत. आमच्याकडे ग्रंथ आहेत, धर्मगुरू आहेत, देवालये आहेत. तरीही संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेची वेळ किती घरांत टळते! धर्माचा अभिमान दुसऱ्याला कमी लेखून येत नाही. आपले जे आहे ते न चुकता पाळण्यातून तो येतो. कोकणातल्या त्या बंद दारांआडून आम्ही एवढे शिकलो, तरी पुष्कळ झाले.